हो म्हणणारी मुलगी

आत्याचा सगळा दिवस तक्रारखिडकीच्या आतल्या बाजूला जायचा. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत ती खिडकी तिच्याकडे होती, आणि तिची ख्याती अशी की माणूस तावातावाने यायचा आणि जाताना स्वतःचंच काहीतरी चुकलं असं पुटपुटत जायचा. कुणी आवाज चढवला की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि थंडपणे विचारायची, "झालं बोलून? आता अर्ज आणलाय का ते सांगा." बरोबरचे लोक पाठीमागे तिला ‘फाटक’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं. त्यात वाईट वाटण्यासारखं काय, असं तिचं मत होतं.

तिच्या घरी धाकट्या भावाची मुलगी राहायची. भाऊ लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा. त्याची बायको दारूपायी आधी नोकरीतून गेली, मग घरातून. त्यानंतर एके दिवशी भाऊ पोरीला कपड्यांच्या पिशवीसकट बहिणीच्या दारात सोडून गेला. "ताई, थोडे दिवस," म्हणाला. त्या थोड्या दिवसांना आता चार वर्षं झाली होती. आत्याने लग्न केलं नव्हतं, मूल वाढवायची तिला कधी हौस नव्हती. पण गळ्यात पडलेलं काम अर्धवट सोडायचीही सवय नव्हती.

पोरीला सगळे भिंगरी म्हणत. नऊ वर्षांची होती, पण अंगाने सहा-सात वर्षांचीच वाटायची. तोंड मात्र मोठ्या बाईचं. "काय बाई ऊन पडलंय!" असं म्हणत शेजारच्यांच्या घरात शिरायची, आणि शेजारी हसून म्हणायचे, "किती हुशार आहे हो!" ही हुशारी दप्तर भरताना, वेणी घालताना, घड्याळ बघताना कुठे दडी मारून बसते, हे कोडं आत्याला सुटत नव्हतं. तिने त्याचं एकच उत्तर काढलं होतं. कार्टी आईवर गेलीये.

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा आत्या त्या तयारीनेच गेली. मुख्याध्यापक नवे होते, टेबलावर कागदाचा कपटा दिसला तरी कपाळाला आठी घालणारे. त्यांच्यासमोर भिंगरी उभी होती. एका पायातला मोजा उतरलेला. टेबलावर एक कापलेली वेणी होती, रिबिनीसकट.

"वर्गातल्या मुलीची आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "हिने कात्रीने कापली. कबूल केलंय."

"का कापलीस?" आत्याने विचारलं.

"तिनेच सांगितलं, काप म्हणून."

"तिने सांगितलं?"

भिंगरीने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "नाही. कात्री आपोआप मिटली."

"आपोआप कशी मिटेल गं?"

"मी नव्हतेच तिथं. मी पाणी प्यायला गेले होते."

"भिंगरे!"

"हो. मी कापली."

मुख्याध्यापक खुर्चीत मागे रेलले. "ऐकलंत? एका दमात चार गोष्टी, आणि पापणी हलत नाही. गेल्या महिन्यात डबे, त्याआधी रंगपेट्या. बाई, आमच्या शाळेचं एक नाव आहे. मुलांची तपासणी करणारं केंद्र आहे, तिथून हिची तपासणी करून आणा. नाहीतर मुलगी दुसरीकडे न्या. अशा मुलांची आमच्याकडे सोय नाही."

‘अशा मुलांची’ हे त्यांनी असं उच्चारलं, जणू चिमट्याने काहीतरी उचललं.  आत्याचा सगळा राग घरी जाईपर्यंत पोरीसाठी राखून ठेवलेला होता.

घरची शिक्षा ठरलेली होती. बाल्कनीत भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, खरं काय ते सांगेपर्यंत. आत्या दारात खुर्ची टाकून बसायची आणि खिडकीवर बसल्यासारखे प्रश्न विचारायची. कधी? कुठे? कुणासमोर? पहिल्यांदा काय म्हणालीस, आता काय म्हणतेस? शेवटी पोर कबूल व्हायची. काचेचा जग, हरवलेलं कानातलं, शेजारच्यांच्या कुंडीतली उपटलेली रोपं, सगळं कबूल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काही झालंच नाही अशी येऊन गळ्यात हात टाकायची. आत्याला त्याचीच जास्त चीड यायची. निदान दोन दिवस तोंड पाडून राहावं माणसाने!

तपासणीला आत्या तयार झाली ती पोरीसाठी नव्हे. केंद्राने पाठवलेल्या प्रश्नांत एक प्रश्न होता, गर्भारपणात आईने दारू किंवा इतर नशा केली होती का. तो वाचून आत्याच्या डोळ्यांत चमक आली. भावजय आता एका लॉन्ड्रीत कामाला होती, दारू सोडली असं लोक सांगत. आत्याने तिचा पत्ता टपोऱ्या अक्षरात लिहिला. येऊ दे तिला चार माणसांत, बसू दे खाली मान घालून. नाहीच म्हणणार ती. मग आपण बोलू.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई इतक्या सावकाश बोलायच्या की आत्याने पहिल्याच भेटीत त्यांचं नाव ‘हळूबाई’ ठेवलं. त्यांनी भिंगरीची उंची घेतली, टेपने डोक्याचा घेर मोजला, चेहऱ्याचे फोटो काढले. नाकाखालून ओठापर्यंत जी पन्हळ असते ती, डोळ्यांची लांबी, सगळं बारकाईने पाहिलं. मग दुसऱ्या खोलीत त्यांच्या सहकारी बाईंनी तिला ठोकळे लावायला दिले, गोष्ट सांगून ती पुन्हा सांगायला लावली, तीन सूचना एकदम देऊन बघितल्या. तिसरी सूचना येईपर्यंत पहिली हवेत विरलेली असायची. भिंगरी कधी हसायची, कधी टेबलाखाली जाऊन बसायची. असं दोन-तीन बैठकांत चाललं. दर वेळी आत्याला रजा टाकावी लागे, आणि कचेरीत तिच्या रजेची बातमी व्हायची.

आईशी बोलणं ठरलेलं होतं त्या दिवशी आत्या मुद्दाम लवकर जाऊन बसली. भावजय आली. आधीपेक्षा वाळलेली, केस घट्ट बांधलेले, हातांवर इस्त्रीच्या भाजल्याचे डाग. बाहेरच्या बाकावर भिंगरी होती. तिने "आई!" म्हणून तिच्या मांडीत डोकं घातलं, आणि लगेच तोंडाचा पट्टा सुरू झाला, घरचं, शाळेचं, बाल्कनीचं. आत्या भिंतीवरच्या चित्रांकडे बघत बसली, पण दात आवळलेले.

आत गेल्यावर हळूबाई भावजयीला म्हणाल्या, "जे विचारणार आहे ते खाजगी आहे. तुम्हाला हवं असेल तर या ताई बाहेर बसतील."

"बसू द्या त्यांना," भावजय म्हणाली. "ऐकायलाच आल्यात त्या."

"गरोदर असताना तुम्ही दारू घेत होतात का?"

"घेत होते."

आत्याच्या ओठांवर तयार असलेलं वाक्य तिथंच अडकलं. भावजय मान वर करून बोलत होती. "दिवस गेलेत हे कळायच्या आधीपासून. कळल्यावरही. बहुतेक दिवस. मिळेल ती. शेवटी शेवटी कमी केली होती, बंद नव्हती केली. करून बघितली. जमली नाही."

"अगं, पोटात पोर होतं तुझ्या!" आत्या ओरडली. "जनावरसुद्धा असं करत नाही!"

"होतं पोटात. तुम्हाला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? हात थरथरायचे ना, तेव्हा पोटावर हात ठेवून पोरीशीच बोलायचे मी. आणि मग प्यायचे."

"नाटकं करू नकोस. माझ्या भावाच्या संसाराची राखरांगोळी केलीस, तो बिचारा—"

"तो बिचारा बाटल्या आणायचा, ताई." आता तिचाही आवाज चढला. "एक माझी, एक त्याची. तुमच्या घरी सणासमारंभाला यायच्या आधी बडीशेप चावायचा, म्हणून तुम्हाला कळलं नाही. की कळलं होतं? विचारा त्यालाच. मी माझं सांगितलंय. त्याचं मी सांगणार नाही, ते तुम्ही विचारा."

हळूबाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमचं भांडण मला थांबवता येणार नाही," त्या सावकाश म्हणाल्या, "पण ते बाहेर करा. पोरीच्या कानावर जाणार नाही इतकं लांब."

संध्याकाळी आत्याने भावाला फोन लावला. पलीकडे इंजिनाची घरघर होती. तिने सरळ विचारलं.  तो म्हणाला, "ताई, जुनं कशाला उकरतेस? गाडी चालवतोय मी." आणि फोन ठेवला. आत्याने त्यानंतर भांडी घासली, ती इतकी आदळली की शेजारीण डोकावून गेली.

निष्कर्ष सांगायला हळूबाईंनी आत्या आणि भावजय दोघींना एकत्र बोलावलं. दोघी खोलीच्या दोन टोकांना बसल्या.

"भिंगरीच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही," हळूबाईंनी सुरुवात केली. "अशा बहुतेक मुलांच्या चेहऱ्यावरून कळतच नाही. म्हणून आईच्या सांगण्याला महत्त्व. आई खरं बोलली नसती तर आम्ही आणखी वर्षभर चाचपडत राहिलो असतो. गर्भात असताना दारूचा तिच्या मेंदूवर परिणाम झालाय. ती बोलते नऊ वर्षांच्या मुलीसारखी, म्हणून सगळ्यांना वाटतं तिला कळतंही तेवढंच. कळतं पाच वर्षांच्या मुलीइतकं, काही बाबतींत त्याहून कमी. काल काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मधे भोकं असतात. तुम्ही विचारलंत की ती हाताला लागेल त्याने ते भोक बुजवते. तिच्या दृष्टीने ते खोटं नसतं."

"वा!" आत्या म्हणाली. "म्हणजे खोटं बोलायला आता डॉक्टरांची चिठ्ठी."

"आणखी एक. समोरच्या माणसाला कुठलं उत्तर हवंय ते ती त्याच्या चेहऱ्यावर शोधते. सापडलं की देते."

आत्याने पदर सावरला. "ते राहू द्या. मेंदूला इजा आहे ना? मग कुणामुळे झाली ते कागदावर लिहा. मला तो कागद हवाय."

"पोटात असताना दारू पोचली, हे लिहिलंय. फाशी कुणाला द्यायची ते लिहायला आमच्या कागदावर जागा नसते." हळूबाईंचा आवाज जराही बदलला नाही. "आता घरचं सांगा. तिचं काही चुकलं की तुम्ही काय करता?"

"शिस्त लावते."

"म्हणजे काय?"

"बाल्कनीत उभी करतात," पलीकडच्या टोकावरून भावजय म्हणाली. "कबूल होईपर्यंत."

आत्या ताडकन उठली. "तू तोंड उघडायचं नाहीस! चार वर्षं खायला मी घातलं, तापात मी बसले, शाळेत शिव्या मी खाल्ल्या. पाप तुझं, आणि आरोपी मी? तुमचा कागद तुमच्याजवळ ठेवा, डॉक्टरीणबाई. फुकट गेल्या माझ्या रजा." तिने बाहेरच्या बाकावर बसलेल्या भिंगरीचा हात धरला आणि इतक्या वेगाने जिना उतरली की पोरीची पावलं मधल्या पायऱ्या गाळत होती.

दोनच दिवसांनी शाळेतून परत बोलावणं आलं.

या वेळी मुख्याध्यापकांच्या खोलीत कोपऱ्यात काचांचे तुकडे भरलेली बादली होती. खालच्या दालनात माशांची मोठी काचेची टाकी होती, ती फुटली होती. तुकडे ‘पुरावा’ म्हणून इथे आणून ठेवले होते.

"आता मात्र हद्द झाली," मुख्याध्यापक म्हणाले. "मंगळवारी मधल्या सुट्टीत फोडली. आज आम्ही एकेकाला बोलावून विचारलं. हिने एका झटक्यात कबूल केलं. सांग गं, काय केलंस ते आत्याला."

भिंगरी उत्साहाने सांगू लागली. "मी दगड मारला. काच फुटली. पाणी सगळं खाली आलं आणि मासे उड्या मारत होते. एक लाल मासा माझ्या बुटावर पडला."

"बघा. काही शिल्लक ठेवलंय का?"

आत्याचा हात सवयीने वर गेला होता, दटावायला. तो तसाच राहिला. "मंगळवारी?" तिने विचारलं.

"मंगळवारी."

"नक्की?"

"शिपाई सुट्टीवर होता तो दिवस. मंगळवारच."

"मंगळवारी ही माझ्याबरोबर केंद्रात होती. निष्कर्ष ऐकायला, दिवसभराची रजा टाकून. तुम्हीच पाठवलं होतंत. शाळेत पाऊल टाकलं नाही हिने."

 मुख्याध्यापकांनी हात झटकला. "मग कबूल का केलं? न केलेलं कुणी कबूल करतं का? दिवसाचा काही घोळ असेल."

आत्याने भिंगरीकडे पाहिलं. पोर तिच्या चेहऱ्याकडे बघत होती, एकटक, ओठ किंचित उघडे. या बघण्याला आत्या आजवर निर्लज्जपणा म्हणत आली होती. ती खाली वाकली. मग अगदी आपल्या खिडकीवरच्या आवाजात, जरब ठेवून, तिने विचारलं, "भिंगरे, हा वरचा पंखा पण तूच पाडलास ना, काल?"

भिंगरीने पंख्याकडे पाहिलं. मग आत्याकडे. "हो."

"कसा गं पाडलास?"

"स्टुलावर चढून. मी ओढला. मोठ्ठा आवाज झाला. सर ओरडले."

"मग तो वर फिरतोय तो?"

भिंगरीने पुन्हा मान वर केली. टेबलावरचे कागद फडफडत होते. कपाळावर घामाचे थेंब आले. "तो... तो दुसरा आहे," ती म्हणाली. आणि लगेच, समजूत घातल्यासारखं, "आता मी बाल्कनीत जाऊ?"

कुणी हसलं नाही.  जग, कानातलं, कुंड्या. त्या प्रत्येक कबुलीजबाबाच्या वेळी ती स्वतःच दारात खुर्ची टाकून बसलेली होती. माणसं खिडकीवरून ‘माझंच चुकलं’ म्हणत जातात ना, तशीच ही पोर. फक्त हिला खिडकी सोडून घरी जाता येत नव्हतं. त्या वेणीचं काय, वेणी तरी हिने कापली होती का? ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

"बाहेर बाकावर बस," ती भिंगरीला म्हणाली. "शिक्षा नाही. नुसतं बस." पोर गेल्यावर तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, आता माझं ऐका. तुम्ही या पोरीला एकटीला खोलीत उभी करून तोंडातून हवं ते काढलंत. ते कसं काढतात ते मला चांगलं ठाऊक आहे, म्हणून माझ्यापुढे साळसूदपणा नको. केंद्राचा अहवाल तयार आहे, तो मी आणून देते. त्यात काय करायचं ते लिहिलेलं आहे. ते सगळं या शाळेत होणार."

"बाई, मी तुम्हाला सांगितलंय, आमच्याकडे सोय नाही."

"सोय नसते, करावी लागते. नाही म्हणायचं असेल तर कारणासकट लेखी द्या. मी ते कुणाकुणाला नेऊन दाखवते ते मग बघा. मी एकवीस वर्षं लोकांना हेलपाटे घालायला लावलेत. कुणी मला घालायला लावेल, हे होणे नाही."

मुख्याध्यापकांचे कान लाल झाले होते. पण तेही कच्चे नव्हते. "ठीक आहे," ते गोड आवाजात म्हणाले. "पण तुम्ही पालक नाही. अशा व्यवस्थेसाठी आईची किंवा वडिलांची संमती लागते. ती आणा, मग बोलू."

भावाचा फोन तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी लागला, तर म्हणाला, "मला मध्ये घेऊ नका, तुम्ही बायका बघून घ्या." आत्याने त्याला आयुष्यात पहिल्यांदा अशी शिवी दिली की कचेरीतला समोरच्या टेबलावरचा कारकून पेन हातात धरून बघत राहिला. मग ती लॉन्ड्रीत गेली.

तिथं वाफेने जीव गुदमरत होता. मोठ्या इस्त्रीयंत्रावर भावजय चादरी सरकवत होती, हॉटेलांच्या पांढऱ्या चादरी, एकीमागून एक. आत्याला पाहून तिने यंत्र थांबवलं नाही.

"सही हवीये," आत्या यंत्राच्या आवाजावरून ओरडली.

"कशाला? पोर कायमची तुमच्या नावावर करायला?"

"तसं असतं तर वकील घेऊन आले असते. शाळेसाठी हवीये." आणि तिने माशांचं, पंख्याचं सगळं सांगितलं. स्वतःचा भाग गाळला नाही. पण डोळे चादरीवर ठेवून सांगितला.

भावजयीने आता यंत्र बंद केलं. "‘हो’ म्हणाली पंख्याला?"

"हो म्हणाली."

"माझी पोर..." ती थांबली. तोंड फिरवून तिने बाहीने घाम पुसला, की आणखी काही. परत वळली तेव्हा चेहरा दगडासारखा होता. "सही करते. पण रविवारी मी येणार."

"माझ्या घरी?"

"माझी मुलगी तिथं राहते म्हणून. तुमच्या घरात मला काडीचा रस नाही. हळूबाई म्हणाल्या—" तिच्याही तोंडी तेच नाव होतं, भिंगरीकडून गेलं असणार. "म्हणाल्या, सगळ्यांनी तिच्याशी एकाच पद्धतीने बोललं पाहिजे. तुम्ही एक सांगणार, मी दुसरं, तर ती वेडी होईल."

"तोंडाला वास आला तर उंबऱ्याच्या आत घेणार नाही."

"आला तर दार उघडूच नका. आणि ती बाल्कनी बंद."

"ती मी केलीये बंद. तुझ्या सांगण्यावरून नाही."

"मला माफ करा असं म्हणायला मी येणार नाहीये, ताई."

"करणारही नाही. कुठे करायची सही ते बघ, वाफेने कागद भिजतोय."

अशी ती संमती झाली. मुख्याध्यापकांनी ती उलटसुलट करून पाहिली, आणखी दोन आठवडे काढले. आत्या रोज कचेरीतून सुटल्यावर त्यांच्या दारात जाऊन बसायची. काही बोलायची नाही, नुसती बसायची. शेवटी कंटाळून त्यांनी एक मदतनीस बाई दिल्या, भिंगरीला पहिल्या बाकावर दाराजवळची जागा दिली, आणि वर्गात फार गोंगाट झाला की बाहेर जाऊन बसायची परवानगी. आणि शाळेत व घरी एक नियम ठरला, तो हळूबाईंनी सांगितलेला. ‘हे तू केलंस का?’ असं तिला कुणी विचारायचं नाही. ज्याने पाहिलं असेल त्याला विचारायचं. कुणीच पाहिलं नसेल तर ते तसंच सोडायचं.

हा नियम पाळताना आत्याची जीभ चावून चावून सोललेली असायची. पोर काही जादूने बदलली नाही. डबा हरवायचाच. न्हाणीघरात ब्रश, पेस्ट, तोंड, टॉवेल अशी चित्रं एकाखाली एक चिकटवली होती, तरी टॉवेलच्या चित्राशी येऊन ती कधीकधी हरवून जायची आणि ओल्या तोंडाने चित्राकडे बघत राहायची. कधी रडून आकाशपाताळ एक करायची, कारण मोज्याची शिवण बोटाला लागली. आत्या अजून ओरडायची. मग आठवलं की मधेच थांबायची, आणि न ओरडलेलं वाक्य घशात घेऊन स्वयंपाकघरात फेऱ्या मारायची. एकदा मात्र वर्गातल्या बाईंनी निरोप धाडला की भिंगरीने आज ‘मला आठवत नाही’ असं म्हटलं. पहिल्यांदाच. आत्याने तो निरोप दोनदा ऐकला.

रविवारी भावजय यायची. आत्या तिला बाहेरच्या खोलीच्या पुढे येऊ द्यायची नाही. पाणी द्यायची, चहा नाही. दोघींची धुसफूस चालूच असायची, चित्रं कुठे लावायची, वेणी आधी की बूट आधी. पण पोरीसमोर दोघी एकच वाक्य एकाच शब्दांत बोलायच्या, परेड केल्यासारखं. "आधी बूट." "आधी बूट." भिंगरी दोघींच्या चेहऱ्यांकडे बघायची आणि बूट घालायला बसायची.

अशाच एका रविवारी जायच्या वेळी भावजय दारात घुटमळली. चप्पल घातली, परत काढली.

"ताई, तिला तासभर बागेत नेऊ का? तुम्ही लांबून बघत बसा हवं तर."

"नाही," आत्या म्हणाली.

भावजयीने मान हलवली आणि चप्पल घातली. ती दोन पायऱ्या उतरली तेव्हा आत्याने दाराच्या फटीतून हाक मारली. आवाज नेहमीसारखाच खडा होता.

"पुढच्या रविवारी परत विचार. तेव्हाही नाहीच म्हणेन. पण विचार."